हॅल्युसिनेट : भरकटलेल्या एका क्रियापदाची चरित्रकथा

२०२३ सालच्या नोव्हेंबरात केंब्रिज शब्दकोशाच्या संपादकांनी 'वर्षाचा शब्द' म्हणून 'हॅल्युसिनेट' हे इंग्रजी क्रियापद निवडले. त्याच वर्षी डिक्शनरी डॉट कॉम या दुसऱ्या कोशानेही तोच शब्द निवडला. 'हॅल्युसिनेशन' हे नाम आपल्याकडेही ओळखीचे आहे. डॉक्टरांच्या तोंडी, कादंबऱ्यांत, सिनेमांत ते येते. क्रियापद मात्र खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही रोजच्या वापरात फारसे नव्हते. ताप डोक्यात गेल्यावर, नशेत किंवा मनोविकारात नसलेले दिसणे, नसलेले ऐकू येणे, एवढाच त्याचा अर्थ लोकांना ठाऊक होता. कोशकारांनी त्याला आता नवा अर्थ जोडला : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने खोटी माहिती खरी म्हणून पुढे करणे.

ही बातमी वाचणाऱ्या बहुतेकांचा समज असा झाला की वैद्यकातला एक शब्द संगणकवाल्यांनी उसना नेला. कोशांची जुनी पाने उलटली की वेगळे चित्र दिसते. चुकणे, घसरणे, गफलत करणे हा या शब्दकुळाचा इंग्रजीतला जुना आणि पुढे विसरला गेलेला अर्थ आहे. वैद्यकाने हा शब्द मधल्या काळात आपल्याकडे ठेवून घेतला, आणि आता तो फिरून जवळजवळ मूळ घरी आला आहे.

मी भाषाशास्त्राची पदवी घेतलेली नाही. जुने कागद वाचता वाचता कोश धुंडाळण्याची सवय लागली, तेवढाच माझा अधिकार. तरीही या एका शब्दामागे काही महिने घालवावेसे वाटले. चुकीला आपण कोणते नाव देतो, यावर ती चूक कोणाच्या खात्यावर मांडली जाते हे ठरते, आणि या शब्दाच्या चरित्रात ते खाते तीनदा बदललेले आहे.

किनाऱ्यावरची येरझार

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचे शेवटचे, म्हणजे चोविसावे प्रकरण सुरू होते तेव्हा अकिलीसचा जिवलग मित्र पात्रोक्लस मारला गेलेला आहे. अंत्यविधी आणि त्यानिमित्तचे खेळ आटोपून सगळे सैन्य झोपले आहे. अकिलीसला झोप नाही. तो कुशी बदलतो, उठतो आणि समुद्राच्या काठाने सैरभैर भटकत राहतो. या भटकण्यासाठी होमरने जे क्रियापद योजले आहे ते 'अल्युएइन'. चित्त ठिकाणावर नसलेल्या माणसाचे, कुठे जायचे हे ठाऊक नसलेल्या पायांचे ते क्रियापद आहे.

लॅटिनमधील 'आलुकिनारी' हे क्रियापद या ग्रीक शब्दावरून आले असावे, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. 'भविष्य वर्तवणे' या अर्थाच्या 'वातिकिनारी' या लॅटिन क्रियापदाच्या धर्तीवर त्याचे शेपूट घडले असावे, असाही तर्क आहे. तो खरा असेल तर जोडी मजेदार म्हणायची : एक भविष्य सांगतो, दुसरा बरळतो. शब्दाच्या आरंभीचा 'ह' हा लेखनातल्या सवयीने चिकटलेला आहे.

लॅटिनमध्ये आल्यावर भटकंती पायांतून जिभेवर आली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील सिसेरो हा वक्ता हे क्रियापद दोन तऱ्हांनी वापरतो. भाऊ क्विंतुस याला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की आपल्या पत्रांनी अधूनमधून असे भरकटावे, हे बरेच. इथे शब्द प्रेमाचा आहे. मनात येईल ते लिहावे, कामाचे नसले तरी चालेल, असा त्याचा सूर. 'देवांचे स्वरूप' या ग्रंथात मात्र सूर बोचरा होतो. तिथले एक पात्र एपिक्युरसच्या अनुयायांना हिणवते की तुमच्या गुरूने जांभया देता देता जे बरळले, तेच तुम्ही घोकलेल्या धड्यासारखे म्हणून दाखवता.

हा दुसरा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. यात दोन माणसे आहेत. एक पेंगत बडबडणारा, आणि दुसरा ती बडबड प्रमाण मानून घडाघडा म्हणणारा. सिसेरोच्या पात्राचा राग पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर अधिक आहे. पुढे यंत्राची गोष्ट येईल तेव्हा या दोघांची पुन्हा आठवण काढावी लागेल.

नॉर्विचचा डॉक्टर आणि मोलचे डोळे

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्रजीत लॅटिन शब्दांचा पूर आला. विद्वान मंडळी आपली विद्वत्ता दाखवण्यासाठी लांबलचक लॅटिन शब्द इंग्रजी प्रत्यय लावून वापरू लागली. साध्या वाचकाला ते कळेनात, म्हणून केवळ अवघड शब्दांचे कोश निघाले. रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाचा १६०४ सालचा सुमारे अडीच हजार शब्दांचा कोश हा त्यांतला पहिला. या पिढीच्या कोशांत 'हॅल्युसिनेट' शिरला तेव्हा त्याचा अर्थ 'फसवणे, आंधळे करणे' असाही दिला जाई. म्हणजे शब्द आला, पण कोणत्या अर्थाने नांदायचे हे अजून ठरले नव्हते.

त्याला ठिकाणावर आणण्याचे काम सर टॉमस ब्राउन या नॉर्विचच्या डॉक्टरने केले. १६४६ साली त्याने लोकांतल्या रूढ चुकीच्या समजुतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. हत्तीच्या पायांना सांधे नसतात, बिज्जूचे एका बाजूचे पाय आखूड असतात, खंड्या पक्षी मरून वाळला की त्याची चोच वारा येईल त्या दिशेला वळते, असल्या समजुती तो एकेक करून तपासतो. खंड्याच्या बाबतीत तर त्याने खरोखरच मेलेला पक्षी रेशमी धाग्याला टांगून पाहिला. चोच कुठल्याही दिशेला राही. मग त्याने दोन पक्षी शेजारी शेजारी टांगले. दोघांची तोंडे दोन दिशांना!

याच ग्रंथात जमिनीखाली बिळे करून राहणारा मोल हा प्राणी आंधळा असतो आणि त्याला डोळेच नसतात, या समजुतीवर एक प्रकरण आहे. डोळे आहेत, चिरफाड केल्यावर दिसतात, असे ब्राउन सांगतो. मग प्रश्न राहतो तो त्या डोळ्यांना किती दिसते याचा. त्या ओघात तो दृष्टिदोषांची वर्गवारी करतो : दृष्टी पूर्ण गेली तर ते अंधत्व, पण दृष्टी बिघडली आणि वस्तू आहे तशी न दिसता चुकीची दिसू लागली, तर ते 'हॅल्युसिनेशन'. 'इलेक्ट्रिसिटी' आणि 'मेडिकल' हे शब्द इंग्रजीत पहिल्यांदा ज्याच्या लेखनात सापडतात, तोच हा लेखक.

इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. ब्राउनच्या व्याख्येत वस्तू समोर आहे. ती चुकीची दिसते, एवढेच. म्हणजे वैद्यकाच्या दारात पहिले पाऊल टाकतानाही या शब्दाच्या मुळाशी चूकच होती.

लेखनिकाची चूक

युरोपातले पंडित त्या काळी ग्रंथांच्या टीपा लॅटिनमध्ये लिहीत. आधीच्या पंडिताची चूक दाखवायची झाली की हेच क्रियापद कामी येई. अमुक इथे भरकटला, तमुक तिथे भरकटला. खोटे बोलला असे म्हणायचे नाही, मूर्ख म्हणायचे नाही. डुलकी लागली असेल बिचाऱ्याला, असे म्हणून त्याला टाचायचे. सभ्य भाषेतली ती चपराकच.

या पंडिती खाक्याची टिंगल जोसेफ ॲडिसनने १७१२ साली 'स्पेक्टेटर' या आपल्या नियतकालिकात केली. एक छोटेसे प्रेमगीत छापून त्याने त्याला भल्यामोठ्या पाठभेदांच्या टीपा जोडल्या. त्यांतल्या एका टीपेत गंभीर चेहऱ्याने सांगितले आहे की हा पाठ म्हणजे लेखनिकाचे 'हॅल्युसिनेशन' असावे; एका अक्षराची रेघ त्याला दुसऱ्या अक्षराची वाटली असावी. वाचक हसले, कारण शब्द ओळखीचा होता. लेखनिकाला ना भूत दिसले होते ना ताप आला होता. त्याने अक्षर चुकीचे वाचले होते.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा सुमारे बेचाळीस हजार शब्दांचा विख्यात कोश आला. त्यात 'हॅल्युसिनेशन'चे अर्थ चूक, घोडचूक, गफलत, मूर्खपणा असे दिले आहेत. भासाचा उल्लेखही नाही. वापराचा दाखला म्हणून जॉन्सनने ॲडिसनचा तो लेखनिक घेतला, आणि क्षयरोगावर लिहिणारा हार्वी नावाचा डॉक्टर घेतला. कारण नसता माणूस खंगत चालला की लोक त्याला चेटूक झाले म्हणतात, पण ती अडाण्यांची निव्वळ गैरसमजूत आहे, असे या हार्वीचे म्हणणे. आपल्याकडे 'करणी केली' म्हणतात, त्याच जातीची ही समजूत.

चुकीच्या शब्दाचा अर्थ लिहिणारा जॉन्सन स्वतःही चुकला होता. घोड्याच्या खुराच्या वरच्या भागाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ त्याने घोड्याचा गुडघा असा दिला. एका बाईने त्याला विचारले, असा अर्थ कसा काय दिलात? पंडिताला सबबी पुष्कळ सुचल्या असत्या. जॉन्सनने सरळ सांगितले की त्यामागे अज्ञानाखेरीज दुसरे काही कारण नाही. हे उत्तर त्याचा चरित्रकार बॉसवेल याने नोंदवून ठेवले आहे. कोशातल्या चुकीपेक्षा हे उत्तर अधिक टिकले.

अशा चुका किती काळ तग धरतात याचे अमेरिकन उदाहरण प्रसिद्ध आहे. वेब्स्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' नावाचा एक शब्द छापला गेला. अर्थ : घनता, भौतिक आणि रसायनशास्त्रातील संज्ञा. प्रत्यक्षात असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' हे संक्षेपाक्षर वापरतात, अशी एक चिठ्ठी होती. 'डी ऑर डी' ही तिची अक्षरे कोणीतरी सलग वाचली आणि शब्द जन्माला आला. त्याला उच्चार मिळाला, व्याकरण मिळाले, आणि १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात येईपर्यंत तो सुखाने कोशात राहिला. ज्याला व्युत्पत्ती दिलेली नाही असा हा शब्द आला कुठून, हे तो शोधत गेला म्हणून चोरी उघडकीला आली.

मोडी कागद वाचणाऱ्यांना ॲडिसनचा लेखनिक परका वाटणार नाही. मोडीत शब्द सुटे न लिहिता ओळ सलग वाहते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि लिहिणारा घाईत असेल तर दोन अक्षरांची वळणे एकसारखी होतात. गावाचे नाव माणसाचे होते, माणसाचे नाव हुद्द्याचे होते. आपल्या पोथ्यांचे लेखनिक शेवटी सांगून ठेवत की जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. या विनंतीत सफाई आहे तशी कबुलीही आहे. माझ्यापुढे मूळ प्रत होती, मी तिच्याशी बांधलेला होतो, हे तो सांगतो. चूक शोधायची असेल तर कुठे पाहायचे ते वाचकाला कळते.

दोष लेखणीतून मेंदूत

शब्दाचे खाते पहिल्यांदा बदलले ते फ्रान्समध्ये. झां-एतिएन डोमिनिक एस्किरोल हा पिनेल या मानसचिकित्सकाचा शिष्य. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात आणि पुढे शाराँतोन येथे त्याने मनोरुग्णांमध्ये आयुष्य काढले. १८१७च्या सुमारास आणि नंतर १८३८च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने 'हॅल्युसिनेशन'ची जी व्याख्या केली, ती थोड्याफार फरकाने आजही चालते. इंद्रियांच्या टप्प्यात कोणतीही बाह्य वस्तू नसताना आपल्याला त्या वस्तूची जाणीव होते आहे, अशी ज्याची आतून पक्की खात्री असते, त्याला हा अनुभव येतो आहे असे समजावे.

वस्तू समोर असून ती भलतीच भासत असेल तर त्याला एस्किरोलने वेगळे काढले आणि 'इल्युजन' म्हटले. आपल्या दर्शनांतील उदाहरणे घेतली तर दोरीवर साप दिसणे आणि शिंपल्यावर चांदी दिसणे ही दोन्ही एस्किरोलच्या हिशेबी 'इल्युजन' ठरतात, कारण दोरी आहे आणि शिंपलाही आहे. दोरीच नसताना साप दिसला तर ते 'हॅल्युसिनेशन'. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी 'निर्वस्तुभ्रम' हा शब्द आढळतो. वस्तूवाचून होणारा भ्रम. जड आहे खरा, पण एस्किरोलचा मुद्दा एका शब्दात नेमका पकडतो.

या व्याख्येने एक मोठे काम केले. ज्याला आवाज ऐकू येतात, माणसे दिसतात, तो चुकार नाही, खोटारडा नाही, झपाटलेलाही नाही. तो आजारी आहे. कधी तर तो आजारीही नसतो. जिनिव्हाचा शार्ल बॉने याने १७६० साली आपल्या आजोबांची हकिकत लिहिली होती. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या या वृद्धाला समोर माणसे, पक्षी, इमारती दिसत. बुद्धी शाबूत होती, आणि दिसते ते खरे नाही हेही त्यांना पक्के ठाऊक होते. अशा माणसाला दोष कोण देणार? एस्किरोलनंतर हा शब्द दोषाच्या वहीतून दुःखाच्या वहीत गेला. चूक करणारा तिथे उरला नाही, सोसणारा उरला. एकोणिसाव्या शतकात चुकीचा अर्थ कोशांत मागे मागे सरकत गेला आणि वापरातून जवळपास गेला.

आपल्या वाटा, आपले चकवे

भटकणे आणि चुकणे यांचे हे नाते एकट्या ग्रीक-लॅटिनचे नाही. इंग्रजीतील 'एरर' ज्या लॅटिन 'एरारे'पासून आला, त्याचा मूळ अर्थ भटकणे. 'डिलिरियम'मध्ये 'लिरा' म्हणजे नांगराची तास आहे. बैल तास सोडून गेला की शेतकऱ्याचे जे होते, ते बुद्धीचे झाले. आपल्याकडे 'भ्रम्' या एकाच धातूतून भ्रमणही निघते आणि भ्रमही, भ्रांतीही आणि गरगर फिरणारा भोवराही. रात्री रानातून जाणारा माणूस सारी रात्र चालतो आणि पहाटे पाहतो तर जिथून निघाला तिथेच उभा. गावाकडे त्याला 'चकवा लागला' म्हणतात. अकिलीसच्या येरझारांपासून हा चकवा फार लांब नाही.

'चुकणे' हे क्रियापद तर पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्', म्हणजे जागेवरून ढळणे, या धातूच्या जागी येणाऱ्या धातूंची यादी दिली आहे. तीत 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे दोन्ही शेजारी शेजारी बसलेले आहेत. आपल्या हिशेबाच्या कागदावर 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहिले जाते, तेव्हा ही जुनी जोडीच पुन्हा एकत्र येते. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, कळपातले कोकरू चुकते. मराठीत चूक म्हणजे आधी योग्य जागी न पोहोचणे. नीतीचा ठपका नंतर येतो.

आणि मराठीत चूक तीन तऱ्हांनी सांगता येते. 'मी चुकलो', 'माझ्याकडून चूक झाली' आणि नुसतेच 'चूक झाली'. पहिल्यात कर्ता उभा आहे. दुसऱ्यात तो दाराआड गेला आहे. तिसऱ्यात तो घरातच नाही. सरकारी पत्रांत आणि वर्तमानपत्रांच्या खुलाशांत तिसरी तऱ्हा अधिक का आढळते, हे वाचकांना सांगायला नको.

यंत्र बरळते तेव्हा

संगणकशास्त्रात हा शब्द आला तो आधी चांगल्या अर्थाने. २००० साली सायमन बेकर आणि ताकेओ कनाडे या संशोधकांनी अंधूक, छोट्या छायाचित्रातील चेहरा ठळक करण्याची रीत मांडली. चित्रात नसलेले बारकावे यंत्राने इतर चेहऱ्यांच्या अनुभवावरून भरायचे. त्याला त्यांनी चेहऱ्याचे 'हॅल्युसिनेशन' म्हटले. नसलेले भरणे हेच तिथे काम होते. पुढे यंत्राकडून भाषांतर करून घेताना मूळ मजकुरात नसलेली वाक्ये उमटू लागली तेव्हा हाच शब्द दोषासाठी वापरला जाऊ लागला. २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि शब्द घराघरांत पोहोचला.

अशा यंत्राचे काम ढोबळमानाने असे चालते. अफाट मजकुरावर त्याला शिकवलेले असते, आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज घेत ते एकेक तुकडा पुढे जोडत जाते. उत्तर खरे आले तरी रीत हीच, खोटे आले तरी रीत हीच. हाताशी मूळ कागद ठेवून त्यावरून ते उतरवून घेत नसते. म्हणून ते एस्किरोलच्या अर्थाने 'हॅल्युसिनेट' करते असे म्हणणे अडचणीचे आहे. त्याला इंद्रिये नाहीत, आतली खात्री आहे असे मानायला आधार नाही. काही अभ्यासक त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या वर्णनातला 'कन्फॅब्युलेशन' हा शब्द सुचवतात. आठवणीतली भगदाडे रुग्ण नकळत रचलेल्या हकिकतींनी बुजवतो, तो प्रकार. २०२४ साली तीन तत्त्वज्ञांनी याहून खरमरीत शब्द वापरला. सत्याची पर्वाच न करता केलेली बडबड, असा त्यांचा आरोप.

सिसेरोच्या अर्थाने मात्र क्रियापद चपखल बसते. पेंगत पेंगत, ओघाओघाने, सुरात बोलत जाणे. मराठीत याला शब्दांचा तोटा नाही. 'भास होणे' इथे लागू पडत नाही. 'थाप मारणे' म्हटले तर हेतू चिकटतो. मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'ठोकून देणे'. ठोकून देणाऱ्याला खरे ठाऊक नसते, खोटे बोलण्याचा त्याचा मनसुबाही नसतो. समोरच्याला उत्तर हवे आहे, ते द्यायचे, आणि ठासून द्यायचे.

न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ साली घडले ते याच मासल्याचे. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा जुन्या निकालांचे आधार दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. हे निकाल खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले आणि यंत्राने होकार दिला. जूनमध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला, तो वकिलांना आणि त्यांच्या पेढीला. साधन वापरण्यात गैर नाही, पण दाखल केलेल्या कागदाची जबाबदारी दाखल करणाऱ्याची, असे त्यांनी बजावले. पुढच्याच वर्षी कॅनडातील एका लवादापुढे एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने प्रवाशाला भाड्याच्या सवलतीविषयी दिलेल्या चुकीच्या माहितीचा वाद आला. ते यंत्र स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीकडून झाल्याचे निकालात नमूद आहे. लवादाने तो मानला नाही आणि भरपाई द्यायला लावली.

दोन्ही निकालांनी सिसेरोच्या पात्राचीच बाजू घेतली. बरळणाऱ्यापेक्षा, ते प्रमाण म्हणून पुढे करणारा अधिक दोषी.

नरोटी आणि ताट

हा प्रश्न न्यायालयांपुरता राहिलेला नाही. गावाचा, घराण्याचा, देवस्थानाचा इतिहास लिहू पाहणारी तरुण मुले हल्ली टिपणे घेऊन येतात. टिपणांची भाषा गोळीबंद असते. बखरीचे नाव असते, खंड असतो, पृष्ठ असते. ते पृष्ठ उघडावे तर तिथे भलतेच काही असते, किंवा तेवढी पानेच त्या पुस्तकाला नसतात. मुले लबाड नसतात. त्यांनी कोणालातरी विचारले, त्याने सांगितले, एवढेच. पण एकदा का ते देवळाच्या पत्रकात छापले गेले, की पुढच्यांसाठी तो आधार होतो, आणि उद्याचे यंत्र तेच वाचून शिकते. 'डॉर्ड' हा एक शब्द होता आणि त्याला शोधायला पाच वर्षे लागली.

राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला घेतली ती याच भीतीपोटी. सांगोवांगी हकिकतींवर आणि ऐकीव बखरींवर इतिहास उभा राहतो आहे हे पाहून त्यांनी अस्सल कागद हाच कस ठरवला. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढच्यांना ताकीद दिली : या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे.

नरोटीचा दृष्टान्त मला लेखनिकाच्या चुकीहून वेगळा वाटतो. लेखनिक अक्षर चुकतो. ताट अमृताचेच राहते, थोडे सांडते इतकेच. ओवी घालणारा नसलेले आणून ठेवतो, आणि ते बेमालूम दिसावे म्हणून छंदही पाळतो. यंत्राची चूक दुसऱ्या जातीची आहे. तिचा छंद बिघडत नाही, म्हणूनच ती डोळ्यांना लागत नाही. पोथीच्या लेखनिकाने 'जसे पाहिले तसे लिहिले' म्हणताना मूळ प्रतीकडे बोट दाखवले होते. इथे बोट दाखवायला मूळ प्रतच नसते.

तेव्हा कोशकारांनी या क्रियापदाला पुन्हा चुकीच्या कुळात आणले ते ठीकच झाले. पण हे इंग्रजी नाव वापरताना मधल्या काळातला वैद्यकाचा वास त्याला अजून येतो, हे ध्यानात ठेवावे. 'यंत्राला भास झाला' असे म्हटले की आपण नकळत एका रुग्णाची कल्पना करतो, आणि रुग्णाला कोणी जाब विचारत नाही. 'यंत्राने ठोकून दिले' म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : बरे, आणि तुम्ही ते छापलेत कसे? या प्रश्नाला मराठीत एकच नीट उत्तर आहे. त्यात कर्ता प्रथमपुरुषी असतो, आणि जॉन्सनने ते बाईसाहेबांना न अडखळता दिले होते.